एका रांगेचं अंतर

भिंगरीला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत मावशीकडे पोचवायचं ठरलं होतं. तारीख तिच्या बापानेच तीनदा पुढे ढकलली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या साठ-सत्तर इमारती त्याच्याकडे होत्या आणि तिथले लोक त्याला लिफ्टवाला एवढ्याच नावाने ओळखायचे. बायको गेली तेव्हा मुलगी अकरा महिन्यांची होती. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. पुढचं वर्ष त्याने कसं काढलं ते त्याचं त्याला ठाऊक. शेजारच्या आजी मुलीला बघायच्या, त्याही आपल्या मुलाकडे कायमच्या राहायला गेल्या. पाळणाघर सहाला बंद व्हायचं, आणि लिफ्ट काही घड्याळ बघून बंद पडत नाही. एकदा पाळणाघराच्या बाई सव्वाआठपर्यंत मुलीला कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. एका अक्षराने बोलल्या नाहीत, पण तो जिना चढून वर आला तेव्हा त्याला त्यांच्याकडे बघवेना.

मग तो तिला कामावर न्यायला लागला. एका दुपारी सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून ठेवलेलं होतं, खाली सरळ खड्डा. मुलीला त्याने लांब भिंतीशी बिस्किटाचा पुडा देऊन बसवलं होतं. पेटीतून पाना काढायला त्याने मान वळवली, पुन्हा बघतो तर ती त्या उघड्या दारापासून दोन हातांवर उभी. आत तोंड करून ओरडत होती आणि आवाज घुमतोय म्हणून खुदुखुदु हसत होती. त्याने तिला उचललं आणि जिन्यावर बसला. त्याच संध्याकाळी त्याने थोरल्या मेव्हणीला फोन केला.

मेव्हणी बहीण गेल्यापासून मागे लागली होती. तिला मूल नव्हतं, नवरा शांत स्वभावाचा होता, घर तळमजल्यावर होतं. मुलगी तिच्याकडे राहील, तिथेच शाळेत जाईल, आणि जमेल तसं त्याने येऊन भेटून जावं, असं ठरलं. ठरलं खरं, पण दर वेळी तो काहीतरी काढायचा. आधी तिला सर्दी झाली, मग त्याला रजा मिळेना, मग त्याने कारणही दिलं नाही. असं करता करता भिंगरीचा वाढदिवस येऊन गेला.

दोन वर्षांच्या आतलं मूल विमानात आईबापाच्या मांडीवर बसतं. दोन पूर्ण झाली की त्याला स्वतःची जागा घ्यावी लागते. तिकीट काढताना हे कळलं तेव्हा ऑफिसातला हिशेबनीस त्याला म्हणाला, "नशीबवान आहे तुझी पोरगी. इथे साहेबलोक खुर्चीसाठी जन्मभर झुरतात, हिला दोन वर्षं तीन आठवड्यांत मिळाली." तोही हसला. आपली जागा निवडायची का, असं तिकीट काढताना विचारलं होतं, ते त्याने सोडून दिलं. बाप आणि दोन वर्षांची मुलगी म्हटल्यावर शेजारी बसवणारच, यात निवडायचं काय, असं त्याला वाटलं.

आदल्या दिवशी मोबाइलवर बोर्डिंग पास आले. त्याची जागा सहा बी, मुलीची बावीस ई. दोन्ही मधल्या जागा, मध्ये पंधरा रांगा. त्याला वाटलं आपलंच काहीतरी बघायचं चुकलं. पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. बदलायला गेला तर लागून असलेल्या दोन जागा कुठेच शिल्लक नव्हत्या. कंपनीच्या नंबरवर पाऊण तास वाजंत्री ऐकल्यावर एक माणूस बोलायला आला. जागांचं वाटप यंत्र करतं, त्यात त्यांच्या हातात काही नाही, विमानतळावर सांगा, लगेच करून देतील, असं त्याने समजावलं.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने भिंगरीकडे बघून हात हलवला, कीबोर्ड बडवला आणि विमान गच्च भरलंय, गेटवर सांगा म्हणाली. गेटवरच्या माणसाने आत विमानात सांगा म्हणून पाठवलं. सगळे गोड बोलत होते. कुणीच नाही म्हणत नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

खरं तर त्याने या पावणेदोन तासांवर फार भिस्त ठेवली होती. घरात शेवटचा आठवडा कपडे भरण्यात, औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेला होता. ती कशी झोपते, दूध किती कोमट लागतं, केस धुताना काय म्हणायचं, हे सगळं त्याने एका वहीत लिहून काढलं होतं. विमानात मात्र करायला काही नसेल. तिला शेजारी बसवायचं, पट्टा बांधायचा, खिडकीतून ढग दाखवायचे. ती झोपली तर झोपेल, तिचं डोकं आपल्या दंडावर येईल. एवढंच त्याच्या मनात होतं.

बाविसाव्या रांगेत कडेला एक उंच गृहस्थ बसले होते, गुडघ्याला पट्टा बांधलेला. खिडकीशी पन्नाशीच्या एक बाई. मधली जागा रिकामी. तो मुलीला कडेवर घेऊन तिथेच उभा राहिला आणि मागे माणसांची रांग तुंबली. विमानातली कर्मचारी मुलगी आली. तिने कुणाचाही अपमान होणार नाही अशा बेताने सगळ्यांना विचारलं. गुडघेवाल्या गृहस्थांचं ऑपरेशन झालं होतं, पाय पसरायला त्यांना कडच लागायची. खिडकीजवळच्या बाईंना बाहेर बघितलं नाही तर मळमळायचं. मागच्या रांगेतल्या दोघांनी कडेच्या आणि खिडकीच्या जागा महिनाभर आधी निवडल्या होत्या. मधल्या जागेवर यायला कुणीच तयार नव्हतं, आणि एकाचंही म्हणणं खोटं नव्हतं. तेविसाव्या रांगेत मध्ये बसलेला एक तरुण तेवढा पटकन उठला. सहावी रांग पुढे असते, लवकर उतरता येतं, तो खुशीने गेला.

"बघा, झालं," ती कर्मचारी म्हणाली. "तुम्ही तिच्या अगदी मागे. एका रांगेचं अंतर नियमात बसतं. आणि पावणेदोन तासांचा तर प्रश्न आहे."

त्या क्षणी त्याने तोंड उघडायला हवं होतं. ही माझी मुलगी आहे, हिला मी सोडून यायला निघालोय, हे पावणेदोन तास मला द्या. इतकं म्हटलं असतं तर गुडघेवाले उठले असते, बाई मळमळ सोसून उठल्या असत्या, अख्खं विमान उठलं असतं. पण हे वाक्य त्याने आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. मेव्हणीशी बोलतानाही तो 'तिकडे पाठवतो' एवढंच म्हणायचा. आणि मुलगी कडेवर होती, त्याच्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती. तिच्या कानाशी हे कसं बोलायचं. तो म्हणाला, "चालेल."

त्याने तिला बावीस ईमध्ये बसवलं आणि पट्टा बांधला. पट्टा ओढून ओढून घट्ट केला तरी ती त्यात एवढीशी दिसत होती. मग तो मागे जाऊन बसला आणि ती त्याला दिसेनाशी झाली. खुर्चीची पाठ इतकी उंच होती की तिचा केससुद्धा दिसेना. दोन खुर्च्यांमधल्या बोटभर फटीतून तिच्या फ्रॉकची बाही तेवढी दिसायची.

विमान हललं तशी ती "बाबा" म्हणाली. आधी साधीच हाक होती. तो मागून म्हणाला, इथेच आहे, तुझ्या मागे आहे. आवाज येतोय आणि माणूस दिसत नाही हे तिला काही उमजेना. ती मान वळवून बघायला लागली, पट्ट्यात अडकली आणि मग तिने भोकाड पसरलं. तो उठला तर कर्मचारी लांबून हात करून बसा म्हणाली, विमान धावपट्टीवर आलं होतं. वर गेल्यावरही हवा खराब म्हणून पट्ट्याचा दिवा विझेना. आसपासची माणसं आधी तिच्याकडे आणि मग त्याच्याकडे बघत होती. त्याने फटीतून दोन बोटं पुढे घातली. तिने ती पकडली आणि ओढली, जणू त्या फटीतून बाबा अख्खा बाहेर येणार होता. तो कपाळ समोरच्या खुर्चीला टेकवून तसाच वाकून बसला. खांदा भरून आला तरी हात काढला नाही.

खिडकीजवळच्या बाई तिच्याशी बोलायला लागल्या. त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून दिला, ढग दाखवले. "बाबा मागे झोपलेत, तू या मावशीशी बोल," असं काहीतरी म्हणाल्या. रडणं हुंदक्यांवर आलं, मग किल्ल्या वाजायला लागल्या. त्याच्या बोटांवरची मूठ सैल होत गेली आणि एका क्षणी सुटली. त्याने आणखी थोडा वेळ बोटं तिथेच ठेवली.

कितीतरी वेळाने पट्ट्याचा दिवा विझला, तेव्हा तो उठून पुढे आला. ती झोपली होती. डोकं त्या बाईंच्या दंडावर होतं, तोंड अर्धवट उघडं, एक किल्ली मुठीत. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. द्या म्हणाला असता तर त्यांनी दिली असती, पण उचलली तर उठेल आणि उठली तर पुन्हा तेच. तो वाटेत उभा राहून बघत राहिला. खाण्यापिण्याची गाडी आली तेव्हा त्याला जागेवर जाऊन बसावं लागलं.

मनात खोल कुठेतरी त्याने एक आशा दडवून ठेवली होती, ती त्याला तिथे बसल्यावर कळली. वाटेत ती इतकी रडेल, इतकी बिलगेल, की उतरल्यावर मेव्हणीला सांगता येईल, ताई, ही काही माझ्याशिवाय राहत नाही, घेऊन जातो. ती रडलीही होती. पण पंचवीस मिनिटंच.

उतरताना बाईंनी झोपलेली मुलगी त्याच्या हातात दिली. "फार गुणी आहे हो," त्या म्हणाल्या. "कुणाकडेही राहील." त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. त्याने त्यांचे आभार मानले.

मेव्हणी आणि साडू बाहेर वाट बघत होते. घरी जाईपर्यंत भिंगरी अर्धवट जागी झाली, दूध प्यायली आणि मावशीच्या पलंगावर पुन्हा झोपली. एका खोलीत तिच्यासाठी लहान कपाट आणलं होतं, भिंतीला नवा रंग दिला होता. त्याने वही मेव्हणीच्या हातात दिली. तिने पहिलं पान वाचलं आणि वही मिटून पदराखाली धरली.

त्याचं परतीचं विमान संध्याकाळचं होतं. निघायची वेळ झाली तरी मुलगी उठली नव्हती. मेव्हणी दारात उभी राहून म्हणाली, "भाऊजी, उठवू नका तिला. ती जागी असताना गेलात तर तुम्हालाही जड जाईल आणि तिलाही." साडूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो पलंगाशी गेला. तिच्या पायातला मोजा निघाला होता, तो त्याने पुन्हा चढवला. मग चप्पल घातली आणि निघाला.

चौथ्या दिवशी मेव्हणीचा फोन आला तेव्हा तो एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या खोलीत होता. त्याआधी रोज त्याने फोन केला होता आणि रोज ती "बरी आहे, खेळतेय" एवढंच म्हणाली होती. आज तिचा आवाज वेगळा होता.

"तुम्हाला खोटं सांगवत नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी उठली ना, तेव्हा रडली नाही. तिला वाटलं तुम्ही लपलाय. पलंगाखाली बघितलं, दारामागे बघितलं, कपाट उघडायला लावलं. हसत होती. सापडेना तर म्हणाली, बाबा, ये आता. तीन दिवस रोज उठल्या उठल्या हेच. प्रत्येक खोलीत."

त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"आज नाही शोधलं तिने," मेव्हणी म्हणाली. "उठली आणि सरळ माझ्यापाशी येऊन बसली."

पलीकडे ती रडत होती. तिला सुख झालं होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती, हे त्याला कळलं. तो म्हणाला, बरं झालं, ताई. तिला जेवण नीट जातंय का, ते विचारलं. जातंय म्हणाली. फोन भिंगरीच्या कानाला लावू का, असं मेव्हणीने विचारलं, तर तो नको म्हणाला. आता आवाज ऐकला तर ती परत शोधायला लागेल.

त्याने फोन खिशात ठेवला आणि मोटारीच्या चौथऱ्यावर बसून राहिला. खालून जिन्यातून कुणीतरी हाक मारून विचारत होतं, लिफ्ट कधी चालू होणार. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने उठून दारातून खाली वाकून सांगितलं, अर्ध्या तासात.