पायाळू सून

ठकुबाईंच्या कमरेत उसण भरून चार दिवस झाले होते आणि लेकीचं डोहाळजेवण उद्यावर आलं होतं. तिच्या सासरी मार्गासनीला जायचंच होतं, पण त्यांना अंथरुणातून उठवेना.

शेजारच्या सगुणाबाईंनी निर्गुडीच्या पाल्याने शेकलं, बिब्ब्याचा चटका दिला. भोरहून इब्राहीम हकिमांचं तेल आलं. संस्थानच्या दवाखान्यातली पांढरी पूडही पोटात गेली. कंबर काही ऐकेना.

"आता पायाळू माणसाची लाथच पायजे," सगुणाबाई म्हणाल्या. "पायाकडनं जन्मलेलं कुणी हाय का?"

दाराआडून नवी सून फुलाबाई पुटपुटली, "आत्याबाई, मी हाय."

तिने आधी सासूच्या पायांवर डोकं ठेवलं, मग कमरेला हलकेच पाय लावला.

"ही लाथ व्हय?" ठकुबाई करवादल्या. "माशी बसली जणू! सकाळी तुज्या भाकरीला नावं ठिवली, ती आठव की!"

फुलाबाईला अख्ख्या महिन्याची बोलणी आठवली. लाथ अशी बसली की ठकुबाई "आई गं!" करत ताडकन उभ्या राहिल्या. त्यांनी कंबर चाचपली, दोन पावलं टाकली आणि खो खो हसल्या.

"बया, लईच साचलं हुतं की गं! उद्या तूबी गाडीत बस. वाटंत पुन्यांदा भरली तर?"