मटकीवर पोसलेला क्षय

घाटनांदूरच्या दवाखान्यातला कंपाउंडर धोंडप्पा हा जगातला पहिलाच माणूस असेल, ज्यानं रोग मरू नये म्हणून देवाला साकडं घातलं. करणार काय बिचारा! डॉक्टर सुंदररावांना क्षयाच्या जंतूंवर औषधं आजमावायची होती आणि नेमकं हैदराबादेहून बोलावणं आलं. जाताना ते बजावून गेले, "दोन महिन्यांनी येतो. जंतूंना नवं खाणं करून त्यावर रुजव. मेले, तर तुझी नोकरी गेली."

खाणं म्हणजे अंडी! आणि लिंगायत धोंडप्पाच्या गळ्यात इष्टलिंग. जन्मात त्यानं अंड्याला बोट लावलं नव्हतं.

डॉक्टर म्हणायचे, अंड्यात नत्र असतं, त्याशिवाय कुणाचंच अंग वाढत नाही, डाळीतही तेच. धोंडप्पाचे डोळे लकाकले. बायकोनं, शिवकांतानं, फडक्यात बांधून मोड आणलेली मटकी त्यानं मूठभर पळवली. रस काढून त्यात ग्लिसरीन घातलं, काचेच्या नळ्यांत बटाट्याचे काप ठेवून त्यांवर ओतलं, वाफवलं आणि गार झाल्यावर वर जंतू लावले.

पण हे जंतू महाआळशी. एकाचे दोन व्हायला अख्खा दिवस घेतात! आठवडा गेला, काही नाही. दुसराही गेला. धोंडप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. उबेच्या पेटीत डोकावून तो विनवायचा, "खावा की बे! लई नखरे झाले!"

चोविसाव्या दिवशी कापांवर पिवळट, सुरकुतलेले कण दिसले. धोंडप्पानं आनंदानं एकट्यानंच फुगडी घातली.

डॉक्टर परतले. भिंगातून पाहून खूश झाले. "किती अंडी लागली रे?"

धोंडप्पानं हात जोडले. "एक बी न्हाई, साहेब. मटकीच्या रसावर वाढिवलेत. नोकरी घ्या, पण अंडं जमलं न्हाई."

डॉक्टर हसता हसता खुर्चीत कोसळले. "अरे, मोड येताना दाण्यातलं नत्र मोकळं होतं! तू तर त्यांना आयतं वाढलंस. नोकरी तुझीच!" आणि तसेच उठून ते त्याच्या घरी गेले. "वहिनी, मोड कसे आणता? लिहून घेतो."

कशासाठी, तेही त्यांनी सांगून टाकलं. आपली मटकी क्षयाला घातली हे ऐकून शिवकांता नवऱ्याकडे वळली. आता लाटणं येणार, म्हणून धोंडप्पानं डोळे मिटले.

"चोवीस दिस?" ती कडाडली. "माज्या हातच्या मटकीवर चोवीस दिस? उपाशी ठेवलं असल तुमी! फुडच्या खेपंला रस मी काडते."