आत्याचं नाक

आमच्या घरात एक नियम होता. ज्याने पिंप घासलं, त्याने ते पास करायचं नाही. घासणाऱ्याचं नाक मेलेलं असतं, असं आत्या म्हणायची, आणि शेवटचा शब्द तिच्या नाकाचा. ही माझ्या नवऱ्याची आत्या, त्याला तिनेच वाढवलेलं. दूध नासणार हे दुधाच्या आधी तिला कळायचं, त्यामुळे तिच्याशी वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

पिंपं चार होती, निळी, माझ्या छातीएवढी, साबणाच्या कारखान्यातून जुनी आणलेली. पूर्वी त्यांत सुगंधी तेल असायचं. आम्ही त्यांत आल्याचं सरबत भरून इस्पितळाच्या कॅन्टीनला देत होतो. दोन खेपा परत आल्या होत्या, साबणाचा वास येतो म्हणून. तिसरी आली तर पुन्हा तोंड दाखवू नका, असं कॅन्टीनवाल्याने सांगितलं होतं. म्हणजे नवरा पुन्हा खाणीत. त्या धुळीत आणखी एक वर्ष काढलं तर छाती कामातून जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. त्याचे खाणीतले बूट जिन्याखाली पडून होते. फेकून दे म्हणून मी हात धुऊन मागे लागले होते, पण तो राहू दे म्हणायचा.

त्या दिवशी मी सकाळपासून पिंपांत होते. पिंप आडवं करायचं, कमरेपर्यंत आत शिरायचं आणि घासायचं. आधी भांड्यांचा साबण, मग खायचा सोडा, मग व्हिनेगर, मग गरम पाणी. चौथ्या पिंपाशी मी वैतागले आणि त्यात नुसतं ब्लीच आणि पाणी घालून झाकण लावून ठेवलं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करायचं नाही, एवढी अक्कल शाबूत होती. बोटांची सालटी निघाली होती.

सरबत न्यायला कॅन्टीनची गाडी पाचला येणार होती. साडेचारला आत्या आली आणि ओळीने हुंगत निघाली. पहिलं ठीक, दुसरं ठीक, तिसरं ठीक. मी थांब म्हणेपर्यंत तिने चौथ्याचं झाकण काढून डोकं आत घातलं. चांगला मोठा श्वास घेतला. वर आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"हेही ठीक आहे," ती म्हणाली. "भरा."

ब्लीचने डोळे झोंबले होते, पण वास तिला आलाच नव्हता. मग असा राग आला की तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"कधीपासून, आत्या?"

ती पदराने डोळे पुसत राहिली. थंडीत ताप आला होता, तेव्हापासून, असं शेवटी म्हणाली. "एवढ्या नाकावरच तर या घरात मला कुणी विचारतं गं."

मी पहिल्या पिंपाच्या आत नख ओढलं. नखाखाली जुन्या तेलाचा मेणचट, पांढरा थर आला. दुसऱ्यातही तोच. दिवसभर घासून मी फक्त वरवरचा मळ काढला होता.

वरच्या स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, सरबत तयार आहे, आत्या काय म्हणते? आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नाकाचं मी सांगणार नव्हते. खरंच सांगते, त्या क्षणी मी भरायला होकार दिला असता.

"भरू नकोस," आत्या म्हणाली. "माझं नाक गेलंय. मागच्या दोन्ही खेपा माझ्यामुळे परत आल्या."

वर गॅस बंद केल्याचा आवाज आला. तो खाली उतरला. पहिल्या पिंपात वाकून त्याने जोरात श्वास ओढला, आणि त्याला खोकला सुटला. तो थांबेचना. रिकाम्या पिंपात खोकला घुमत होता आणि आम्ही दोघी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होतो.

पिंपातून डोकं काढल्यावर त्याने तोंड पुसलं आणि तडक जिन्याखाली गेला. बुटांवरची धूळ झटकल्याचा आवाज मला ऐकू आला. मी चौथं पिंप आडवं केलं, ब्लीच ओतून दिलं आणि घासायला आत शिरले.