खोटी उसळी

आमच्या कामात एक रीत आहे. दूरच्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर काही गिळू लागलं, की तिथला प्रकाश उसळतो. आम्ही त्या उसळ्यांवर टपून असतो, आणि टपून बसलेल्या माणसाला नसलेलंही दिसायला लागतं. म्हणून गटातला एकजण गुपचूप आमच्या नोंदींत खोट्या उसळ्या मिसळतो. आम्ही फसतो की नाही, हे बघायला.

हे काम माझ्या नवऱ्याकडे होतं. घरात गॅस बंद करायला विसरणारा माणूस, पण लबाडी अगदी निगुतीने करायचा. त्याच्या उसळीला उतरताना एक खाच असायची. ती फक्त मला ओळखू यायची. तरी रीतीप्रमाणे, जाहीर करण्याआधी विचारावंच लागे, "तुझी का?" तोंडाने तो कबूल होत नसे. दुसऱ्या दिवशीच्या नोंदींत शेजारीशेजारी दोन सारखे उंचवटे टाकायचा. म्हणजे, हो, माझी.

मागच्या थंडीत तो गेला. त्याची जागा कोणी घेतली नाही आणि खोट्या उसळ्या बंद झाल्या.

या आठवड्यात माझ्या दीर्घिकेत उसळी आली. उभी हयात मी हिच्यासाठी घालवली होती, आणि निवृत्ती तोंडावर आली होती. गटाचे प्रमुख म्हणाले, "अहो बाई, आता वाट कसली बघताय? जाहीर करून टाका."

मी आलेख उघडला. उतरणीवर खाच होती.

त्याचीच एखादी जुनी मिसळ राहून गेली असेल, म्हणून दुसऱ्या खंडातल्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. तिथल्या यंत्रांना त्याने कधी हात लावला नव्हता.

"आमच्याकडेही आहे गं," ती म्हणाली. "खाचेसकट. अभिनंदन."

तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. हे मला कळतं, मी ते शिकवते. तरी भर दुपारी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी विचारलं, "तुझी का?" मग स्वतःचीच लाज वाटली, आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचाच फोन आला. "उसळी ओसरली, पण आता शेजारीशेजारी दोन उंचवटे आलेत. अगदी सारखे. असं कधी पाहिलंयस?"

"पाहिलंय," मी म्हणाले.

प्रमुख दारात उभे होते. निवेदनावर त्यांना माझी सही हवी होती. मी कागद तसाच परत केला.

"जाहीर करता येणार नाही," मी म्हणाले. "ज्याने मिसळली, त्याने कबुली दिलीय."