मेणाच्या बैठकीवरचा स्फटिक

सन १९९६, जानेवारीतली कडाक्याची थंडी. माझी गोष्ट तिथून धरा. मी डिटेक्टरमधला स्फटिक बोलतोय. मिठाचा चुलतभाऊ, पण चिमटीत धरायला जाऊ नका. दमट हवा लागली तरी मला पाणी सुटतं, म्हणून जन्मापासून ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद आहे. शाळा नाही, आकडेमोड नाही. गॅमा किरण अंगावर आला की लुकलुकायचं, हे एकच काम येतं. ते चोख येतं.

त्या थंडीत उघड्या गाडीतून मला प्रयोगशाळेच्या दारात आणलं. आत हीटर लावलेला. तेव्हाचे साहेब म्हणाले, "ठेवा टेबलावर आणि जोडा लगेच."

गारठलेल्या स्फटिकाला एकदम ऊब दिली की तो तडकतो. तंत्रज्ञ मामांनी अंगातला स्वेटर काढला, मला त्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसून राहिले. दात वाजत होते.

"मामा, आजारी पडाल!" शिपाई ओरडला.

"मला औषध आहे. याला नाही."

हळूहळू ऊब आली. मी अखंड राहिलो. पुढे मी गडगडू नये म्हणून मामांनी मेण ओतून माझ्या मापाची जाड बैठक केली, वर कापड घातलं. हे ऋण मी विसरलो नाही.

मग कामाला लागलो. नमुन्यात न्यूट्रॉन घुसवायचे, नमुन्याने चिडून गॅमा किरण फेकायचे, मी लुकलुकायचं आणि त्यावरून माणसांनी आत काय आहे ते ओळखायचं. दुसऱ्याच्या पोटात काय आहे याची माणसांना भारी उत्सुकता.

वर्षं सरली. मामांची निवृत्ती आठवड्यावर आली, तेव्हा संशोधक ताईने माझ्या मांडणीच्या जुन्या आराखड्यावरून संगणकात माझा जुळा बनवला. मी कसा लुकलुकेन, ते तो आधीच सांगणार म्हणे. त्याच्या आलेखात एक शिखर. माझ्या आलेखात शेजारी शेजारी दोन! आजवर ताडून पाहायला दुसरा आलेखच नव्हता.

"तडकलाय," नवे साहेब म्हणाले. "तडकला की एकाची दोन होतात. मामा, कुठे आपटलात?"

"मी आपटत नाही."

"मग काय आपोआप तडकला? जाता जाता निष्काळजीपणाचा शेरा घेऊन जाणार तुम्ही. आणि हा भंगारात."

मामांची मान खाली गेली. ती मी कधी खाली पाहिली नव्हती.

ताईने न्यूट्रॉन बंद केले आणि तपासणीचा, एकाच जातीचे गॅमा किरण सोडणारा छोटा स्रोत माझ्यापुढे धरला. मी जीव ओतून लुकलुकलो. एकच शिखर, रेखीव.

"तडा असता तर इथेही दोन आली असती," ती पुटपुटली. "म्हणजे ते जादा किरण खरेच आहेत. येतायत कुठून?" तिने कापड उचललं. "मामा, हे काय?"

"त्याची बैठक."

"मेणाची? आराखड्यात नाही ही!"

"मला कोणी विचारलं?"

"अहो, मेणात हायड्रोजन ठासून भरलेला! तो न्यूट्रॉन गिळतो आणि गॅमा फेकतो."

"मग काय लोखंडावर बसवू त्याला?"

ताई खो खो हसली. तिने जुळ्याखालीही मेण घातलं. दुसरं शिखर उगवलं, अगदी माझ्या दुसऱ्या शिखराच्या जागी.

साहेबांनी दोन्ही आलेख एकावर एक धरले. "मामा, चुकलो मी. स्फटिक धडधाकट आहे."

"आणला तसाच आहे," मामा म्हणाले आणि ताठ मानेने माझं कापड सारखं केलं.

ऋण फिटलं.