शेवटच्या फॉर्म्याची घडी

“‘उद्गारली’ म्हणे!” टॉकीजनं वाचता वाचता छापील ताव खाली ठेवला. “खरं सांगा, तुमच्यापैकी कोणी आयुष्यात एकदा तरी उद्गारलंय का?”

“माझी सासू उद्गारते,” सगळ्यांत धाकटी म्हणाली. “दूध उतू गेलं की.”

टेबलाभोवतीच्या बायका खो खो हसल्या, पण हात कुणाचेच थांबले नाहीत. छापखान्याच्या मागच्या या खोलीत दिवसभर एकच काम चाले. सोळा पानं छापलेला मोठा ताव यायचा, त्याला फॉर्मा म्हणायचं. त्याला तीन घड्या घालायच्या, लाकडी पट्टीनं कड दाबायची आणि थप्पीवर ठेवायचा. असे सोळा फॉर्मे एकावर एक शिवले की कादंबरी तयार.

टॉकीजला हे नाव पडलं ते सिनेमांमुळे. पाहिलेला सिनेमा ती सोमवारी अख्खा सांगायची, तिकिटाशिवाय. नवीन फॉर्मा आला की पहिला ताव तिच्या हातात, आणि ती मोठ्यानं वाचायची. मजुरी थप्पी मोजून मिळायची, म्हणून ती वाचत असताना बाकीच्या सात जणी आपापल्या थप्पीतले चार-चार फॉर्मे गुपचूप तिच्या थप्पीत सरकवायच्या. याबद्दल कोणी कधी बोललं नाही आणि टॉकीजनं कधी आभार मानले नाहीत. आभार मानले असते तर व्यवहार झाला असता.

मतं मात्र तिच्याकडे ढिगानं होती. परवाच्या सिनेमात मध्यांतरानंतर दिग्दर्शक बहुतेक जेवायला गेला होता. मालिकेतली सून सहा महिने बेशुद्ध पडून उठली, तर लिपस्टिक ताजी. घरी मुलगा आणि सून कानांवर हात ठेवत, “आई, पुढचं सांगू नका हं!” इथे मात्र कान उघडे होते. आणि तिचा एक नियम होता, ज्याचा तिला भारी अभिमान. “मीठ मी वरून वाढीन,” ती म्हणायची, “पण भाजी बदलणार नाही. छापलंय ते जसंच्या तसं. मत माझं.”

ही कादंबरी एका आईची होती. लेकीशी भांडण झालेलं, दोघी हट्टी, ‘आधी तिनं फोन करावा’ म्हणून दोघी बसलेल्या. दुसऱ्या फॉर्म्यापासूनच टॉकीजच्या लक्षात आलं होतं, की समोर बसणारी वहिनी हसायची बंद झाली आहे.

वहिनी सगळ्यांचीच वहिनी. बावीस वर्षं टॉकीजच्या समोरची जागा तिची. तिची एकुलती एक लेक दोन वर्षांपूर्वी दूरच्या शहरात नोकरीला गेली. जाताना दोघींचं वाजलं ते वाजलंच. वहिनीचंही एकच पालुपद होतं, आधी तिनं फोन करावा.

आज शेवटचा, सोळावा फॉर्मा होता. शाई ओली म्हणून गठ्ठा उद्या येणार होता. वाचायला फक्त एक ताव आला; घड्या घालायला पंधराव्याचेच ताव उरले होते. टॉकीजची सवय अशी, की एक ओळ तोंडात आणि चार ओळी डोळ्यांत. शेवटच्या पानाशी येताच तिला पुढचं दिसलं. आई फोन न करताच गेली. लेक पोचली ती रिकाम्या घरात.

तिनं वर पाहिलं. वहिनीच्या हातातली पट्टी थांबली होती. बावीस वर्षांत प्रथमच.

टॉकीजनं ताव जरा उंच धरला आणि वाचू लागली, “आईनं फोन हातात घेतला. तिला वाटलं, मान कसला नि अपमान कसला, पोटची पोर आहे. पलीकडे दोनदा घंटा वाजली, आणि लेक म्हणाली, आई, मी तुझ्याच फोनची वाट पाहत होते.”

“आणि मत?” धाकटीनं विचारलं.

“शेवट उत्तम आहे,” टॉकीज म्हणाली. एकही खोट न काढता तिनं कधी काही वाखाणलं नव्हतं. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. बायका डोळे पुसत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत वहिनी फोन घेऊन बाहेरच्या पायरीवर गेली. पाच मिनिटांत परतली आणि घड्या घालायला बसली. काय झालं ते विचारायचं धाडस टॉकीजला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला तेव्हा टॉकीज सगळ्यांच्या आधी हजर होती. घडी पडली की फॉर्म्याचं शेवटचं पान बाहेरच राहतं आणि पट्टी नेमकी त्याच्यावरून फिरते, हे तिला रात्रभर छळत होतं. तिनं अख्खा गठ्ठा स्वतःकडे ओढला.

“हा मी एकटी करते. तुम्ही ती सरकारी पत्रकं घ्या.”

“एवढा? आज सूर्य कुठून उगवला?” वहिनी म्हणाली आणि अर्धा गठ्ठा आपल्याकडे घेतला.

पहिली घडी, दुसरी, तिसरी. वहिनीनं पट्टी उचलली आणि ती तशीच हवेत राहिली. तिनं पान शेवटपर्यंत वाचलं. मग दुसरा फॉर्मा उलटून पाहिला, जणू त्यात वेगळं काही असेल.

“हे तर वेगळंच छापलंय,” ती म्हणाली.

टॉकीजनं हातातली घडी खाली ठेवली.

“मी बदललं,” ती म्हणाली. “तुझ्याकडे बघून माझी जीभ वळेना गं.”

“खोट्याच्या कपाळी गोटा! तुझ्या त्या शेवटावर मी काल फोन केला. दोनदाच घंटा वाजते म्हणालीस ना? माझी वाजून वाजून बंद पडली. उचलला नाही तिनं.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच. मला काय काचेची समजलीस? यापुढे जसं छापलंय तसं वाचायचं. मला झेपतं.” वहिनीनं पुन्हा त्या पानाकडे पाहिलं. आई गेली होती आणि घर रिकामं होतं. मग पट्टी टेबलावर ठेवून ती उठली आणि पिशवीतून फोन काढला.

“आत्ता? सुट्टीला वेळ आहे की,” धाकटी म्हणाली.

“काल खोट्या शेवटावर केला. आज खऱ्यावर करते.”

ती पायरीवर जाऊन उभी राहिली. उघड्या दारातून तिची पाठ दिसत होती आणि कानाला लावलेला हात.

“टॉकीज मावशी,” धाकटी हळूच म्हणाली, “उचलेल का हो?”

“मला काय विचारतेस?” टॉकीज म्हणाली. “मी लिहिलंय का ते?”

आणि तिनं वहिनीच्या पुढ्यातले ताव आपल्याकडे ओढले, एकेकाला तीन घड्या घातल्या, कड दाबली आणि वहिनीच्या थप्पीवर ठेवत गेली.