सासूबाईंच्या गालाची रेघ

सूनबाईचं काम लोकांच्या चेहऱ्याला चकत्या चिकटवायचं. कुणी नवं ॲप काढलं, की ते बाजारात जायच्या आधी दहा-वीस माणसं हिच्या खोलीत यायची. ही त्यांची कातडी स्पिरिटनं पुसणार, भुवईवर, गालावर आणि डोळ्याखाली वायरीच्या चकत्या लावणार, आणि काचेपलीकडे जाऊन पडद्यावरच्या रेघा बघत बसणार. माणूस वैतागला की भुवईची रेघ उसळते, सुखावला की गालाची. तोंडानं तो काय म्हणतो त्याला इथे काडीची किंमत नाही. "छान आहे हो ॲप," म्हणणाऱ्यांच्या भुवया आतल्या आत थयथयाट करताना हिनं रोज पाहिल्या होत्या.

एवढी चेहऱ्यांतली जाणकार, पण सासूबाईंपुढे हिची बोबडी वळायची. नवरा-बायकोनं लांबच्या वस्तीत वेगळं घर बघून ठेवलं होतं. घरमालकाला शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं, आणि सासूबाईंच्या कानावर अजून अवाक्षर नव्हतं. नवरा म्हणायचा, "तू सांग, तुझं ती ऐकते." ही म्हणायची, "आई तुझी, तोंड तुझं, तूच उघड." शेवटी घोंगडं हिच्याच गळ्यात आलं. सासूबाई रडणार, जेवण टाकणार, चार नातेवाइकांत बभ्रा करणार, या सगळ्याची हिनं मनाशी उजळणीही करून ठेवली होती.

बुधवारी चाचणीला यायची एक बाई ऐन वेळी आलीच नाही. ॲप भाड्याचं घर शोधून देणारं होतं आणि साठीपुढचं कुणीतरी हवंच होतं. साहेबांचा चेहरा तर चकत्यांशिवायही वाचता येत होता. सूनबाईनं घरी फोन लावला, आणि तासाभरात सासूबाई इस्त्रीचे कपडे घालून हजर.

"हे काय गं, शॉक देतेस की काय मला?"

"नाही हो आई. कातडीतला ओलावा मोजतो आम्ही."

हे या धंद्यातलं रोजचं खोटं. चेहरा मोजतोय म्हटलं, की माणूस चेहरा सांभाळायला लागतो.

"ओलावा? या वयात? मोज बाई. सापडला तर मलाही सांग."

"आता समजा, तुम्हाला घर शोधायचंय. कुणासाठी, कुठे, कसं, सगळं तुमच्या मनानं."

सूनबाई काचेपलीकडे जाऊन बसली. सासूबाईंच्या फोनवरचं सगळं तिला तिच्या पडद्यावर दिसत होतं. आता ही बाई सगळ्यांना पुरेल असा ऐसपैस बंगला शोधणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. आधी भुवई उसळली, बटणं बारीक होती म्हणून. मग निवळली. राहणारी माणसं: दोन. चुकून दाबलं गेलं असेल. खोल्या: दोन. मग सासूबाईंनी नकाशा बोटानं ढकलायला सुरुवात केली. आपली गल्ली गेली, वस्ती गेली, पूल गेला, आणि गालाची रेघ चढायला लागली. गॅलरीचा फोटो उघडला तेव्हा तर ती थेट वरच्या कडेला टेकली.

दात आवळले तरी गालाची रेघ चढते, हे सूनबाईला ठाऊक होतं. तिनं मोठ्या आशेनं डोळ्याखालची रेघ पाहिली. खोटं हसू तिथवर सहसा पोचत नाही. हे पोचलं होतं.

"वा!" साहेब मागून वाकून बघत होते. "इतकं खूश कुणी या महिन्यात पाहिलं नाही. कोण या?"

"माझ्या सासूबाई."

"भाग्यवान आहात."

चकत्या काढताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "घर कुणासाठी बघत होतात, आई?"

"तुम्हा दोघांसाठी गं. म्हटलं, खोटंखोटंच तर आहे."

"पण इतकं लांब?"

"हवा चांगली असते म्हणे तिकडे. आई गं! जरा हळू काढ की!"

"सॉरी हं. चिकटलीय घट्ट."

खरं तर काम आपसूक झालं होतं. रडारड नाही, बभ्रा नाही, घराची किल्ली हातात आल्यातच जमा. पण घरी जाईपर्यंत सूनबाईचा जीव नुसता धुमसत होता. दवाखान्याच्या फेऱ्या कुणी मारल्या? फोनचा पासवर्ड दर आठवड्याला कोण आठवून देतं? आणि पूल ओलांडला तेव्हा बाईच्या गालाला उकळ्या फुटत होत्या!

नवरा दारातच उभा होता. "मग? हो कळवू ना घरमालकाला?"

"नाही म्हणून कळव."

"का? आई रडली?"

"रडल्या असत्या तर गेलेच असते ना!"

नवऱ्यानं शहाण्यासारखा खिशातून फोन काढला आणि घरमालकाचा नंबर लावला.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. "आई, आम्ही दोघं कायम इथेच राहणार बरं का. तुम्हाला एकटं टाकून कुठे जायचं नाही, ठरलंय आमचं."

सासूबाईंचा घास हातातच राहिला. मग त्या तोंडभर हसल्या. "किती गं गुणाची माझी सून! मला मेलीला आणखी काय हवंय?"

सूनबाई किंचित पुढे झुकली आणि तिनं त्यांच्या डोळ्याखाली नीट निरखून पाहिलं. तिथे काही म्हणजे काही हललं नव्हतं.

"अजून थोडं वाढू का, आई?" तिनं विचारलं. कितीतरी दिवसांनी तिला सडकून भूक लागली होती.